पाठ क्रमांक एकोणीस

वडगावातल्या आमच्या गल्लीत
सकाळी सहापासून माग बोलायला लागतात.
त्या खडखडाटातच मी टाचण काढते:
विषय मराठी, इयत्ता पाचवी,
घटक – वाक्याचे भाग,
साहित्य – डिजिटल फळा.
(तो शाळेत आहे. चालेल का, हे वेगळं.)

जुना फळा त्याच्यामागं तसाच आहे,
कडेनं बोटभर दिसतो.
त्यावर कुणाच्या तरी हातची तारीख
पुसायची राहिलेली,
आता तिथवर डस्टर जात नाही.

नवा फळा उघडताना कानडीत नमस्कार करतो,
इंग्रजीत पासवर्ड मागतो,
मराठी त्याच्या पोटात, तिसऱ्या कप्प्यात.
पोरांना त्याचं काही वाटत नाही.
दुकानात एक, बसमध्ये दुसरी, चुलीपाशी तिसरी,
ती रोज असेच कप्पे उघडत शाळेत येतात.

मी म्हटलं, बोला, हा ऐकून लिहितो.
सातेरी उठला.
जांबोटीकडचा, इथं आत्याकडं राहतो,
महिनाभरात पहिल्यांदाच हात वर केलेला.
"आमचा आज्जा म्हस घिऊन तळ्याला गेल्ता."
फळ्यानं क्षणभर विचार केला
आणि सुबक अक्षरांत लिहिलं:
आमचा आज जा मैसूर घेऊन तळेगावला गीता.

वर्ग फुटला.
मीही हसले.
हे नोंदवायला हवं, पण
निरीक्षणवहीत त्याला रकाना नाही.

मग प्रत्येकालाच बोलायचं होतं.
फळा चुकत गेला, पोरं त्याला पकडत गेली:
बाई, कर्ता हरवला!
बाई, क्रियापदाची त्यानं गीता केली!
तेजव्वानं तर उठून
"तसं नाही रे बाबा" म्हणत
त्याच्या काचेवर बोटानं मात्रा दिली.
पुस्तकातून तीन तासांत झालं नसतं
ते अर्ध्या तासात झालं.

मागच्या बाकावर बिर्जे सर. लाल शाई.
तंत्रज्ञानाचा वापर चांगला.
सहभाग उत्तम.
टाचण सोडून गेलात.
दहापैकी सात.

सातेरी खाली बसला तो बसलाच.
मधल्या सुट्टीत कुणी त्याला
"ए मैसूर" अशी हाक मारली
आणि त्यानं वळून बघितलं,
जणू तेच त्याचं नाव.

घरी बाबांना सांगितलं.
ते मागाशी उभे होते, कानाजवळ हात न नेता ऐकतात,
तीस वर्षांची सवय.
हातमाग होता तेव्हा धागा तुटला की
हाताला कळायचं, म्हणाले.
हा विणतच राहतो.
चार बोटं कापड फुकट गेल्यावर डोळ्याला दिसतं.
म्हणून उभं राहायचं.
आवाज जरासा बदलतो.

मी म्हटलं, चाळीस पोरं आहेत, बाबा.
ते म्हणाले, मग?
आणि खरंच माग थांबवून
ताण्यातला एक धागा शोधायला लागले,
जो मला दिसतही नव्हता.

तो पोरगा नंतर बोलला का?
त्यांनी मान वर न करता विचारलं.

रात्री पाठ क्रमांक वीस काढायला घेतला.
कॉलेजात सांगतात, पुढच्या दहा वर्षांत
वर्ग ओळखू येणार नाही.
नसेल येत.
मला माझा आजचा वर्गही
पुरता ओळखू आला नव्हता.

घटक – वर्णन.
पूर्वज्ञान – विद्यार्थ्यांना आहे. मला नाही.
प्रश्न पहिला: ती शिंगं कशी वळवते?
दुसरा: पाण्यात गेल्यावर आज्जा तिला काय म्हणून बोलावतो?
फळ्याला मी शेवटच्या बाकावर बसवणार आहे.
सातेरी सांगेल ते त्यानं निमूट लिहायचं,
चुकलं तर तेजव्वाकडून शिकायचं.

साहित्याच्या रकान्यात पेन थबकलं,
मग लिहिलं:
म्हैस, एक, जांबोटीची.
बिर्जे सरांना उद्या काय सांगायचं
ते अजून सुचलेलं नाही.